तो व्हिडिओ टाकू नकोस

धरमपेठ, नागपूर
नोव्हेंबरचा पहिला आठवडा

प्रिय बेटा,

काल रात्री तुझा निरोप आला, सोबत तो एकवीस सेकंदांचा व्हिडिओ. तीन वेळा पाहिला मी. गोवारी स्मारकाच्या, म्हणजे १९९४ च्या मोर्चात चेंगरून गेलेल्या गोवारींच्या स्मारकाच्या, चौथऱ्यावर तुझ्याच रविवारच्या स्मारकफेरीच्या गटातली दोन मुलं टेकून बसली आहेत. एकाच्या हातात चिप्सचं पाकीट, दुसरा फोन समोर धरून गाण्यावर ओठ हलवतो आहे. मग तुझा आवाज येतो, "उठा तिथून! लाज नाही वाटत?" मुलं उठतात, एकमेकांकडे पाहून हसतात आणि व्हिडिओ संपतो.

तू दोन गोष्टी विचारल्यास. हा व्हिडिओ चेहऱ्यांसकट सगळ्यांसमोर टाकू का, म्हणजे त्यांच्यासारख्यांना धडा मिळेल. आणि मी इतकी वर्षं शाळेच्या सहली घेऊन स्मारकांवर फिरले, तर तिथं कसं वागावं याचे दहा नियम लिहून द्यावेत. तू ते छापून रविवारच्या फेरीत वाटशील.

टाकू नकोस. हे आधी सांगते, कारण तू रागात आहेस आणि रागात बोट लवकर चालतं. ती मुलं सतरा-अठरा वर्षांची आहेत. उद्या त्यांचे चेहरे गावभर होतील, शिव्या पडतील, घरी बोलणी बसतील. लोक त्या मुलांविषयी बोलतील, तुझ्या हिमतीविषयी बोलतील. ज्यांचं ते स्मारक आहे त्या गोवारींविषयी कुणी चकार शब्द काढणार नाही. आणि ती मुलं तुझ्यासोबत आली होती. सकाळी सहाला उठून, सुटीच्या दिवशी, स्वतःच्या पायांनी आली होती. हे तुझ्या रागात कुठंतरी हरवलं आहे.

राहिले नियम. आज सकाळी चहा झाल्यावर वही घेऊन बसले होते. पहिली ओळ लिहिली, 'मोठ्यानं बोलू नये.' लगेच दीक्षाभूमीवरचा दसरा आठवला. खोडली. 'खाऊ-पिऊ नये' असं लिहिलं, पुन्हा दसराच आठवला. फोटोविषयी तर एक वाक्यही धड होईना. पानावर खोडलेल्या ओळीच राहिल्या, म्हणून हे पत्र.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. सांगायची लाज वाटत होती. दीक्षाभूमीच्या स्तूपाचं लोकार्पण १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झालं. त्यानंतर एखाद-दोन वर्षांनी मी आठवीचा वर्ग घेऊन तिथं गेले होते. दसऱ्याला दोन दिवस होते. लांबचे लोक आधीच येऊन उतरायला लागले होते. बसमध्ये मी मुलांकडून सगळं घोकून घेतलं होतं. बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेचा दिवस १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी, दीक्षा देणारे भदंत चंद्रमणी, बावीस प्रतिज्ञा, स्तूपाची उंची १२० फूट आणि व्यासही तितकाच. रांग कशी लावायची, कुठं उभं राहायचं, सगळं ठरलेलं. आणि जिथं रांग लावायची होती नेमकी तिथं एक साठीची बाई सतरंजी टाकून बसली होती. पांढरं लुगडं, समोर फडक्यात भाकरी आणि ठेचा, शेजारी नातू झोपलेला.

मी म्हटलं, "आजी, ही काय जेवायची जागा आहे का? उठा बरं, मुलांना दर्शन घेऊ द्या."

ती उठली नाही. रागावलीही नाही. हातातला घास तसाच धरून म्हणाली, "बाई, मी माह्या मायसंग आलती इथं. बारा वर्साची होती. तवा हे काहीच नोतं. नुसतं मैदान अन् मानसं." आणि थोडं थांबून, "तवाबी भाकर इथंच खाल्ली."

माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. मागून एका मुलीनं विचारलं, "आजी, तुम्ही बाबासाहेबांना पाहिलं?" तर म्हणाली, "लांबून. पांढरे कपडे तेवढे दिसे. आवाज मातर आयकू ये." झालं, अख्खा वर्ग खाली बसला. तिनं भाकरीचे तुकडे केले आणि हात पुढं करील त्याच्या हातावर ठेवले. व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटच्या त्या मैदानावर माणसं कशी आली, कुणी चालत, कुणी रेल्वेनं, तिच्या आईनं नवं पांढरं लुगडं घ्यायला काय विकलं, हे सगळं सांगत राहिली. माझी रांग, माझं वेळापत्रक, सगळं तिथंच राहिलं. परतताना बसमध्ये एकाही मुलानं १२० फुटांचा विषय काढला नाही.

मी शिकलेली, इतिहास शिकवणारी बाई. आणि जी स्वतः त्या दिवसाची साक्षीदार होती तिलाच मी 'इथं कसं वागावं' ते सांगत होते. पाहुणा कोण आणि घरचं कोण, हे मी मनाशीच ठरवून टाकलं होतं. ते उलटं होतं. तिथं पाहुणी मी होते.

तेव्हापासून कुठल्याही स्मारकावर गेले की मी पहिल्यांदा हेच शोधते: ही जागा कुणाची आहे? कागदावर कुणाच्या नावानं आहे ते नाही. इथं आलं की कुणाचा गळा दाटतो, कुणाला आपल्या घरी आल्यासारखं वाटतं, ती माणसं कोण? ती कशी वागतात ते आधी पाहायचं. त्यांच्याकडून शिकायचं. माझ्याकडे एवढा एकच नियम आहे आणि तो पत्रकावर छापून वाटता येत नाही.

दीक्षाभूमीचंच घे. ती शोकाची जागा नाही. बाबासाहेबांच्या अस्थी तिथं आहेत, आणि त्या दीक्षेनंतर दोन महिनेही न होता, ६ डिसेंबरला, ते गेले, हे खरंच. पण दसऱ्याला लोक तिथं रडायला येत नाहीत. ज्यांच्या आजा-पणजांना पाणवठ्याला हात लावायची बंदी होती, ज्यांना गावाच्या पंगतीत जागा नव्हती, त्यांची नातवंडं तिथं उघड्यावर पंगतीनं बसून जेवतात, नळाला ओंजळ लावून पाणी पितात, मोकळ्या आभाळाखाली निर्धास्त झोपतात. त्या जागेचा मान राखणं म्हणजे नेमकं हेच. भोजनदानाच्या रांगा, 'जय भीम'चा गजर, लहान पोरांच्या कपाळाला निळ्या पट्ट्या, आणि पुस्तकांची दुकानं! पुस्तकं घ्यायला एवढी झुंबड उडते अशी दुसरी जत्रा मी पाहिलेली नाही. जनरलच्या डब्यात उभ्यानं आलेला माणूस जाताना पुस्तकांची पिशवी घेऊन जातो. तिथं 'शांतता राखा' म्हणून बोट ओठांवर ठेवणारा माणूसच चुकतो आहे.

आणि आमच्या धरमपेठेतलं एक वागणं आहे, त्याला कुणी वागणं म्हणत नाही. दसरा आला की घराघरांत ऐकू येतं, "आज तिकडून जाऊ नका, गर्दी आहे." रहाटे कॉलनीकडून नको, लक्ष्मीनगरकडून नको. ज्या शहरात ही एवढी मोठी घटना घडली, त्या शहरातल्या कितीतरी घरांसाठी ती फक्त रस्ता बंद असण्याची बातमी असते. या घरांतली कितीतरी माणसं कुठल्या कुठल्या देशांतली स्मारकं पाहून येतात, तिथं हळू आवाजात बोलतात, पाटी वाचतात, डोळे पुसतात. दीक्षाभूमी घरापासून दोन-तीन किलोमीटरवर, आणि आयुष्यात एकदाही पाय लागलेला नाही. चिप्स खाणाऱ्या त्या दोन मुलांपेक्षा मला हे जास्त लागतं. ती मुलं निदान आली होती.

मग तिथं खटकण्यासारखं काहीच नसतं का? असतं. भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेच्या अनुराधापूरहून आणलेल्या बोधिवृक्षाची पानं लोक ओरबाडतात. खाली पडलेलं पान उचलून वहीत ठेवावं, कुणाची हरकत नाही. पण फांदी वाकवून तोडलेलं पान घरी गेल्यावर काय सांगणार आहे? एकदा एक गृहस्थ स्तूपासमोर नारळ फोडायला निघाले होते. भाव खरा होता त्यांचा. जिथं जावं तिथं नारळ फोडावा, हीच त्यांची रीत. पण ज्या जागी बावीस प्रतिज्ञा घेऊन माणसांनी जुनं कर्मकांड सोडलं, तिथं नारळ फोडणं म्हणजे त्या प्रतिज्ञांकडे पाठ करणं. शेजारच्या एका कार्यकर्त्यानं त्यांचा हात धरला आणि प्रतिज्ञांच्या स्तंभापाशी नेलं, "दादा, हे आधी वाचा, मग ठरवा." गृहस्थांनी सगळ्या बावीस वाचल्या. नारळ पिशवीत परत ठेवला. आवाज चढला नाही, कुणाचा अपमान झाला नाही. त्या कार्यकर्त्याची मी आजही आठवण काढते.

कचऱ्याचं तर बोलायलाच नको. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिथं एकदा जाऊन ये. पत्रावळी, द्रोण, पाण्याचे पाऊच. आणि ते कोण उचलत असतं ते पाहा. माणसामाणसांत समानता मानीन अशी प्रतिज्ञा जिथं घेतली गेली तिथं आपण उष्टी पत्रावळ दुसऱ्याच्या हातानं उचलण्यासाठी टाकून यायची, हे मला पटत नाही. अलीकडे बरीच तरुण मंडळी पिशव्या घेऊन स्वतःच साफसफाई करताना दिसतात. पुढच्या वर्षी तूही जा त्यांच्यात.

आता फोटो. तू बर्लिनची गोष्ट पाठवली होतीस, त्यावरून तुझ्या डोक्यात हा व्हिडिओचा विचार आला असणार. युरोपातल्या मारल्या गेलेल्या ज्यूंचं ते स्मारक, २,७११ काँक्रीटचे ठोकळे. लोक त्यांवर उड्या मारत, योगासनं करत फोटो काढायचे. २०१७ मध्ये एका कलाकारानं असे बारा फोटो उचलले, त्यातली माणसं तशीच ठेवून मागचे ठोकळे काढून टाकले आणि त्या जागी छळछावण्यांमधली प्रेतं दाखवली. जगभर गाजलं ते. पण तू गोष्टीचा अर्धाच भाग वाचलास. त्या लोकांना आपला फोटो काढून टाकायची वाट त्यानं ठेवली होती, जवळजवळ सगळ्यांनी माफी मागितली, आणि मग ते फोटो त्यानं काढले. आणि ज्यानं ते स्मारक घडवलं त्या पीटर आयझेनमनला ही चारचौघांत लाजवण्याची रीत पटली नाही. त्याचं म्हणणं असं की ही दफनभूमी नाही, इथं लोक बसणार, मुलं खेळणार. मी दोघांचंही म्हणणं बराच वेळ मनात घोळवलं. मला वाटतं, प्रश्न फोटोचा नाहीच. परभणीहून आलेला माणूस बायको-मुलांना स्तूपासमोर उभं करून फोटो काढतो, तो फोटो त्याच्या घरच्या भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लागतो. कसले गंभीर चेहरे असतात त्यात! आपण इथं होतो, याची ती नोंद असते. तुझ्या व्हिडिओतल्या मुलांना मात्र मागं काय आहे हे ठाऊकच नव्हतं. त्यांना बसायला उंचवटा हवा होता, तो मिळाला. माहीत असून केलेला अपमान आणि माहीत नसल्यामुळं झालेला, यांत फरक आहे. माहीत नसल्यामुळं झालेल्या अपमानाचा दोष बहुतेक वेळा आपल्याकडे, सांगणाऱ्यांकडे येतो.

म्हणून तुला थेट विचारते. त्या मुलांना तू चौथऱ्यापाशी पोचण्याआधी काय सांगितलं होतंस? तुझ्या निरोपात लिहिलं आहेस, "झिरो माइल झालं, मग गोवारी स्मारक." झिरो माइलला तर सगळेच दगडी घोड्यांपाशी फोटो काढतात, तो स्तंभ कुठून किती अंतर याच्या मोजणीचा, तिथं हसलं-खिदळलं तर कुणाचं काही जात नाही. पाच मिनिटांपूर्वी त्यांना तिथं हसायची मोकळीक होती. मग रस्त्याच्या थोडं पलीकडे गेल्यावर एकदम लाज वाटायला हवी होती, ती कशी वाटणार? मधल्या त्या थोड्या अंतरात तू त्यांना १९९४ सालात न्यायला हवं होतंस.

मी त्या वेळी तुझ्याएवढी नाही, पण तरुण होते. २३ नोव्हेंबर, बुधवार. हिवाळी अधिवेशन सुरू होतं. विदर्भातून हजारो गोवारी मोर्चानं आले होते. गाई राखणारी जमात. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. गायगोधनाला ढाल नाचवणारी ही माणसं, लेकराबाळांसह नागपूरला आली. मागणी एकच, अनुसूचित जमातीचा दर्जा. दिवसभर थांबली. कुणीतरी सरकारातलं येऊन भेटेल, दोन शब्द बोलेल, अशा आशेनं थांबली. संध्याकाळी गर्दी हलली, लाठ्या चालल्या, चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसं गेली. बहुतेक बायका आणि मुलं.

त्या संध्याकाळी मी बर्डीहून, म्हणजे सीताबर्डीहून, घरी यायची होते. रस्ता अडवला होता, कुणी धड काही सांगत नव्हतं, लांबच्या वळशानं चालत आले. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना त्या बाजूनं गेले तर रस्त्याच्या कडेला चपलांचे ढीग होते. लहान मुलांच्या चपला होत्या त्यात. मी इतिहास शिकवत होते, पण त्या दिवशी वर्गात मला शिकवता आलं नाही. मुलांना म्हटलं, आज वाचन करा.

हे तू त्यांना सांग. माझ्या नावानं सांग हवं तर. तुझ्या गटात तीस मुलं असतात ना? त्यांना एकमेकांकडे पाहायला लाव आणि म्हण, असे चार गट, त्यात फक्त सहा कमी. जिथं हे घडलं त्या मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला उभी राहून सांग, तिथून चालत स्मारकापाशी ने. वाटेत बोलू नकोस. मी शाळेच्या मुलांबरोबर हे केलं आहे. चौथऱ्यावर बसायचं कुणाच्या मनातही येत नाही, आणि आलंच तर शेजारचा मित्रच हात धरून उठवतो. दरडावलं की मुलं तेवढ्यापुरती उठतात, दुसऱ्या चौथऱ्यावर जाऊन बसतात.

हातांना काही काम दे. हे मला फार उशिरा कळलं. माणसाचे हात रिकामे असले की खिशातला फोन आपोआप बाहेर येतो. पूर्वी तंबाखूची पुडी यायची. आमच्या सहलीत मी मुलांना फुलं न्यायला सांगायची, पण विकतची नाही, घरच्या कुंडीतलं किंवा अंगणातलं एक. एखादा मुलगा लाजत जास्वंद घेऊन यायचा. फूल हातात असेपर्यंत मुलं सांभाळून चालतात, तुला आश्चर्य वाटेल. आणि एक जुनं फडकं, बाटलीभर पाणी. आधी चौथरा पुसायचा, मग फुलं ठेवायची. ज्या दगडाची धूळ आपण पुसली त्यावर बूट ठेवून कुणी बसत नाही.

पुढच्या काही आठवड्यांत २३ नोव्हेंबर येईल. त्या दिवशी तुझा गट नेऊ नकोस. तू एकटी जा. त्या दिवशी तिथं ज्यांचं माणूस गेलं ती कुटुंबं असतात, गावोगावचे गोवारी येतात. मागं उभी राहा. आधी त्यांना जाऊ दे. रडणाऱ्या बाईसमोर फोन धरू नकोस, मग तो कितीही चांगल्या हेतूनं असो. कुणी आपणहून बोललं तर ऐक, नाही तर उभी राहा आणि परत ये.

आणि तिथं घोषणा होतील. त्यानं बिचकू नकोस. पुष्कळ सुशिक्षित लोक म्हणतात, स्मारकावर राजकारण कशाला, शांतपणे फुलं वाहावीत आणि जावं. मला हे मुळीच पटत नाही. ती माणसं काहीतरी मागायला आली होती आणि मागता मागता मेली. ते मागणं अजून तसंच आहे. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. त्यांच्या लेकरांनी त्याच जागी उभं राहून तेच पुन्हा मागणं, यापेक्षा मोठी श्रद्धांजली कोणती असणार? बर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीदांचं नाव आहे. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात. नाव घ्यायची वेळ आली की सगळे म्हणतात, बर्डीचा पूल. तुझ्या गटातल्या मुलांना पत्ता सांगताना त्या पुलाचं पूर्ण नाव घ्यायची सवय लाव. बाकी काही जमलं नाही तरी चालेल.

सीताबर्डीच्या किल्ल्यावर तू २६ जानेवारीला जाणार आहेस म्हणालीस. किल्ला वर्षातून तीनच दिवस उघडतो, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट, त्यामुळं ढकलाढकली फार. तिथं १८१७ च्या लढाईतली थडगी आहेत. इंग्रजांची आहेत म्हणून मुलं टवाळी करतात. करू देऊ नकोस. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूनं इंग्रजांशी लढून त्याच टेकडीखाली पडलेल्या आपल्या माणसांची थडगी कुठं आहेत, एवढा एक प्रश्न विचार आणि गप्प राहा. भिंतीवर नावं कोरण्याबद्दल कायदा आहे, संरक्षित स्मारकाला इजा केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सांगून ठेव. पण 'राहुल लव्ह्ज पूजा' कोरणारा हात कायदा वाचून थांबल्याचं मी तरी पाहिलं नाही.

सेवाग्रामला तुला काहीच सांगावं लागणार नाही. बापूकुटीचं दार ठेंगणं, आत मातीची जमीन, बसायची चटई. माणूस वाकतो, चपला बाहेर काढतो, आवाज आपोआप खाली येतो. जागाच शिकवते. आपल्या गजबजलेल्या चौकांतल्या स्मारकांना हे भाग्य नाही. चहूकडून हॉर्न, कठड्याला टेकलेल्या दुचाक्या, पाटीवर चिकटवलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. ज्या स्मारकाला वर्षातून एकदाच झाडू लागतो, जिथं काय झालं हे सांगणारी चार धड वाक्यं कुणी लिहून लावलेली नाहीत, तिथं येणाऱ्या पोराकडून आपण एकदम भक्तिभावाची अपेक्षा करतो. तिथं दगडाला बोलता येत नाही. तुला येतं. म्हणून तर तू ही फेरी सुरू केलीस, आणि मला तेव्हा किती आनंद झाला होता ते मी तुला बोलून दाखवलं नव्हतं. आज दाखवते.

त्या दोन मुलांना फोन कर. ओरडले त्याबद्दल वाईट वाटलं, एवढं म्हण. पण ते तिथं बसले याचंही वाईट वाटलं, हेही सांग. व्हिडिओ त्यांच्यासमोर पुसून टाक. आणि येत्या रविवारी त्यांना घेऊन ये, फक्त दोघांना, बाकी गट नको. मी सकाळी सातला व्हरायटी चौकात गांधीजींच्या पुतळ्यापाशी उभी असेन. तिथून मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटपर्यंत माझे गुडघे चालतील. चपलांची गोष्ट मीच सांगेन त्यांना. तू फडकं आण, पाण्याची मोठी बाटली आण. फुलं मी आमच्या गच्चीवरची आणते, पारिजात संपला, पण शेवंती भरपूर आहे.

तुझी,
मॅडम